कोणासंगं जेवली

१८ नोव्हेंबर, सोमवार

पिपरी मेघेतल्या खोलीत येऊन आठवडा झाला. सामान लागलं. आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तरी शुद्धलेखन पाळायचं.

संकल्प. रोज ताजी भाजी करायची आणि आठवड्यात एक भाजी पुन्हा नाही. गावी, आंजीला, आम्ही हिवाळाभर वांगं खायचो आणि उन्हाळाभर वाळवलेलं वांगं. वर्ध्याच्या बाजारात एवढे प्रकार असताना तेच खात बसणं म्हणजे शिक्षण वाया घालवणं.

दुसरा संकल्प. बाजारात, ऑफिसात शुद्ध शब्द वापरायचे. सांभार नाही, कोथिंबीर. आलू नाही, बटाटा. जाम नाही, पेरू. भेदरं तर मेले तरी नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी कँटीनमध्ये मी एकदा भेदरं म्हणाले आणि शेवटच्या वर्षापर्यंत माझं नाव तेच राहिलं. टोमॅटो, टोमॅटो, टोमॅटो.

तिसरा, खोटं बोलायचं नाही. हा जुनाच आहे. लिहून ठेवलेला बरा.

आईचा फोन रोज संध्याकाळी येतो. प्रश्न दोनच. काय भाजी केली, अन् कोणासंगं जेवली. दुसरा प्रश्न बाबांचा आहे, तोंड आईचं. खोलीला हो म्हणताना बाबांनी एकच अट घातली: पोरगी एकटी जेवायची नाही. एकटं जेवलेलं अंगी लागत नाही म्हणतात. संक्रांतीपर्यंत बघतील. एकटी जेवते असं कळलं तर खोली सोडायची आणि आंजीहून बसने जाणं-येणं करायचं. सोयीची बस माझं ऑफिस सुटायच्या आत निघून जाते. म्हणजे नोकरीच सोडायची. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. परतही मीच पहिली यायची, हे बरं नाही.

आज सांगितलं, मेथी केली. घरमालकांसोबत जेवले.

(बंडोपंत काका आणि पद्मा काकू खाली जेवत होते, मी वर. वेळ एकच होती. सोबत म्हणजे एकाच वेळी, असाही अर्थ होतो. शब्दकोशात बघायला हवा.)

२० नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसमध्ये आम्ही चौघं. प्रभाकरराव सरांचं टॅक्सचं काम. यामिनी मॅडम साताऱ्याच्या, लग्न होऊन इकडे आल्या. भूपेंद्र इथलाच. आणि मी. दीड वाजता ते तिघं आतल्या टेबलावर डबे उघडतात. मी काउंटरवर थांबते. कोणीतरी थांबायला हवं. तसं मला कोणी सांगितलेलं नाही, पण जबाबदारी काही सांगून येत नाही.

मग तीनच्या सुमारास मी फायलींच्या खोलीत डबा खाते. तिथे शांतता असते. माझ्या डब्याला लसणाचा वास येतो, तो फायलींना चालतो.

आतून हसण्याचा आवाज येत होता. चांगलं आहे. स्टाफमध्ये खेळीमेळी असावी.

पद्मा काकू जिन्यात भेटल्या. ये ना गं आचल एखाद दिवशी जेवायला, म्हणाल्या. असं म्हणायची पद्धत असते. मी हो म्हणाले. तशीही पद्धत असते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजारात गेले. डोळे दिपले. एका रांगेत पालक, चवळी, आंबट चुका, अंबाडी, हिरव्या कांद्याची पात. पुढे फुलकोबी, ढेमसे, कारली, दोडकी, मुळे, गाजरं. फळवाल्यांकडे संत्र्यांचे ढीग, सीताफळं शेवटची, शिंगाडे, बोरं नुकती आलेली. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात ड्रॅगन फ्रूट एकेकटं कागदात बसवलेलं. रोज एक म्हटलं तरी होळीपर्यंत पुरेल. इतकी विविधता असलेल्या गावात माणसाला कंटाळा येऊच शकत नाही.

एका बाईकडे गेले. सुमित्राबाई. शेजारची तिला हाक मारत होती म्हणून नाव कळलं. पावभर गवार आणि कोथिंबीर द्या म्हणाले. ती म्हणाली, पावभर? मांजर पाळलं काय माय? शेजारची हसली.

मी म्हणाले, घरात आम्ही चौघं आहोत.

हे खरं आहे. काका, काकू, त्यांचा धीरज, मी. घर एकच. मजले दोन. ती म्हणाली, मंग चौघांले पावभर पुरते काय, उपाशी मारतं काय त्यायले. किलोभर तोलली. त्यावर सांभार टाकला फुकट. कोथिंबीर.

किलोभर गवार घेऊन आले. एका आठवड्यात एक भाजी पुन्हा नाही हा संकल्प आहे, म्हणून आजच संपवायला हवी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

गवार संपली नाही.

संकल्पात दुरुस्ती: उरलेली भाजी ही नवीन भाजी धरायची नाही, कालचीच पुढे चालू धरायची.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दीड वाजता सर बाहेर आले. माझ्या टेबलावर एक केळ ठेवलं. म्हणाले, सोमवार असतो ना तुमचा? छान. आजकालच्या मुली करत नाहीत.

मी काउंटरवर थांबते ते जेवत नाही म्हणून, असं त्यांना वाटलं. सांगायला तोंड उघडलं, तोवर ते आत गेले. नंतर आत जाऊन, सर मला उपास नसतो, असं तीन माणसांसमोर म्हणणं म्हणजे सरांना खोटं पाडणं. केळ खाल्लं. मग लक्षात आलं, उपासाचं केळ खाल्लं आणि तीन वाजता पोळी-भाजी खाल्ली तर ती सरळ फसवणूक होईल. डबा उघडला नाही.

म्हणजे मला आज खरोखर उपास घडला. सर बरोबर ठरले. कोणीच खोटं नाही. आजपासून सोमवार धरायचा. तब्येतीलाही चांगलं.

आईला सांगितलं, आज सोमवार केला. ती खूश. कोणी सांगितला, म्हणाली. मी म्हणाले, ऑफिसमध्ये मला सगळे खूप आग्रह करतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

भूपेंद्रने बाहेर डोकावून विचारलं, मॅडम, गुरुवार पण हाय काय तुमचा? प्रश्न होता, आरोप नव्हता. मी हसले. तो आत जाऊन म्हणाला, गुरुवार पण हाय.

गुरुवारही धरला.

१ डिसेंबर, रविवार

या आठवड्यात भाजी फार उरली. खोलीत फ्रीज नाही. टाकून देणं पाप आहे. मागच्या गल्लीत एक गाय येते. पद्मा काकू तिला कपिला म्हणतात. तांबडी, एक शिंग जरा वाकडं. तिला कारली सोडून सगळं चालतं. कारली घालायला गेले तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी सॉरी म्हणाले.

दगडावर बसून मी संत्रं खाल्लं, ती मुळ्याची पानं खात होती. बरं वाटलं.

आई: काय भाजी? मुळा. कोणासंगं जेवली?

मी म्हणाले, कपिलासोबत.

कपिला कोण? इथलीच आहे, मागच्या गल्लीतली. कशी हाय पोरगी? शांत आहे. जास्त बोलत नाही. मटन गिटन खात नाई ना? नाही, पूर्ण शाकाहारी आहे. आई म्हणाली, चांगली सोबत भेटली तुले. बाबांना तिथूनच ओरडून सांगितलं.

यात एकही शब्द खोटा नाही. दोनदा तपासला.

५ डिसेंबर, गुरुवार

कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रोकोली आणि एक अव्होकॅडो आणलं. शिकलेल्या माणसाने नवीन चवी घ्याव्यात. अव्होकॅडो पिकायला ठेवायचं असतं, दुकानदाराने सांगितलं. दाबून बघायचं, मऊ लागलं की खायचं.

आईला ब्रोकोली समजेना. फुलकोबी, पण हिरवी, असं सांगितलं. ती म्हणाली, बुरशी आली असन माय, फेकून दे. खाजो नको. बाबांनाही बोलावलं फोनवर. त्यांनीही फेक म्हटलं. नवीन चव समजायला वेळ लागतो.

कपिलाने ब्रोकोली हुंगली आणि तोंड फिरवलं. तिचंही मत घरच्यांसारखंच दिसतं.

१० डिसेंबर, मंगळवार

अव्होकॅडो अजून दगड. रोज सकाळी दाबते.

बाजारात चांगली गोष्ट घडली. मी दिसले तशी सुमित्राबाई शेजारणीला म्हणाली, आली पाह्य कोथिंबीरवाली. म्हणजे ती मला ओळखते. एवढ्या गर्दीत, एवढ्या लोकांतून. मग मला म्हणाली, ये माय, तुह्यासाठीच ठेवली पालक. माझ्यासाठी ठेवली होती. ऑफिसमध्येही माझ्यासाठी कोणी काही ठेवत नाही. केळ सोडून.

किलोभर घेतली. नाही म्हणता येईना. वरून कोथिंबीर.

आज जाणवलं, वर्ध्यात माझं बऱ्यापैकी वर्तुळ तयार झालं आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

शेवगा मागितला. सुमित्राबाई म्हणाली, शेव पायजे असन त किराण्यात जा माय. मी म्हणाले, शेवग्याच्या शेंगा. ती म्हणाली, मुंगन्याच्या म्हन ना मंग. लाजतं कायले? शेंगेलेच त म्हणून राह्यली, नवऱ्याले थोडीच. सगळी रांग हसली. मीही हसले. मी तिच्या चेष्टेतली झाले आहे.

मागून आलेल्या बाईलाही तिने तुह्यासाठीच ठेवली पालक असं म्हटलं. ती बाईही ओळखीची असावी.

१९ डिसेंबर, गुरुवार

अव्होकॅडो आज मऊ लागलं. उपासाला चालतं की नाही, कोणत्याही पोथीत नसणार. शेवटी नाही खाल्लं. शंका असेल तर खाऊ नये.

२० डिसेंबर, शुक्रवार

अव्होकॅडो आतून काळं. कपिलाला दिलं नाही. तिच्यापुढे आता माझी काही इज्जत आहे.

२३ डिसेंबर, सोमवार

थंडी वाढली. आज स्कार्फ न बांधता बाजारात गेले, केस धुतले होते. सुमित्राबाईने माझ्याकडे बघून विचारलं, काय पायजे ताई? नवीन आल्या काय इकडे?

मी कोथिंबीर म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, अरे, तू होय.

आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावरून कोणीही ओळखतं. आवाजावरून ओळखायला माणूस जवळचं लागतं.

उपासाला साबुदाणा केला. एकटीसाठी साबुदाणा भिजवताना अंदाज चुकतो. तो वाढतच जातो.

२९ डिसेंबर, रविवार

दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही. आवाज बसला असेल म्हणून मोठ्याने एक ते शंभर म्हणून बघितले. ठीक आहे आवाज.

पद्मा काकूंकडे पाहुणे होते. भांड्यांचा आवाज. काकू वर आल्या, वाटीभर ओल्या तुरीचं सोले-वांगं ठेवून गेल्या. ये ना खाली, सगळे आहेत, म्हणाल्या. पाहुण्यांत भाडेकरूने जाऊन बसणं बरं दिसत नाही. मी म्हणाले, माझं आत्ताच झालं. आणि मग लगेच दोन घास खाल्ले, म्हणजे झालं.

वाटी रिकामी परत द्यायची नसते. काय घालून द्यावं याचा विचार करते आहे. त्यामुळे वाटी इथेच आहे.

४ जानेवारी, शनिवार

नवीन वर्षाचे संकल्प अजून करायचे आहेत. जुने संपले की.

आईचा सूर आज वेगळा. लहानू काकाची मुलगी मागच्या आठवड्यात वर्ध्यात आली होती, सरांच्या ऑफिसवरून गेली. दीड वाजता. तिला मी काउंटरवर एकटी दिसले. हातात केळ. तिने घरी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, खरं सांग, एकटी जेवतं काय?

मी म्हणाले, नाही. तो उपासाचा दिवस होता.

अन् बाकी दिवशी?

बाकी दिवशी कपिला असते.

बाबांनी फोन घेतला. ते फोनवर कधी बोलत नाहीत. म्हणाले, म्या संक्रांतीपर्यंत म्हटलं हाय. पण एक कपिला झाली. बाकी कोणी नाई काय एवढ्या मोठ्या वर्ध्यात? मी म्हणाले, बाबा, ऑफिसचे सगळे आहेत. एक दिवस त्यांना घरी जेवायला बोलावणारच आहे. बाबा म्हणाले, मंग बोलाव.

आता हे खरं करावं लागणार. हरकत नाही. तशीही माझ्या मनात ते होतंच.

६ जानेवारी, सोमवार

योजना. रविवारी, बारा तारखेला. दुपारी एकला जेवण. खोलीत चौघांना बसायला जागा होईल, पलंग उभा केला तर. सतरंजी काकूंकडून मागायची. (वाटी द्यायची आहे.)

मेनूवर विचार. काहीतरी शहरी असावं. सरांना शुगर आहे. यामिनी मॅडमना इकडचं तिखट सोसत नाही. मशरूम आणले तर आई म्हणेल थंडीत सात्या कुठून आल्या, विषारी असतील. आणि आईला सांगावं तर लागेलच.

८ जानेवारी, बुधवार

बाजार. सुमित्राबाईपुढे टोपलीत शेंगा. चपट्या, हिरव्या, कडेला जांभळी रेघ. मी वाल म्हणायच्या बेतात होते. किंवा घेवडा. दोन्हींत शुद्ध कोणता याचा विचार करत होते. ती म्हणाली, पोपट घे, पोपट. आंजीचा माल हाय, सकाळीच आला.

आंजीचा.

आमच्या घराच्या कुंपणावर पोपटाचा वेल आहे. थंडीत संध्याकाळी आई, मी आणि बाबा चुलीपुढे बसून दाणे सोलायचो. एकानं सोलायचं काम नाही ते. एकट्यानं पोपट सोलायला बसलं तर दिवस सरतो आणि भाजी मुठीएवढी होते. वांग्यात घालायचा, वरून सांभार. घरभर वास.

मी म्हणाले, पोपट द्या दोन किलो. आणि सांभार. तोंडातून तसंच गेलं. सुमित्राबाईने तराजू थांबवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अवं, बोलतं की तू. मी म्हणाले, आंजीचीच आहे मी. ती म्हणाली, मंग काऊन एवढे दिवस परदेशातून आल्यावानी करून राह्यली होती?

तीन किलो दिला. पैसे दोनाचेच घेतले. की तोलायला चुकली, हे उद्या विचारायला हवं.

घरी आल्यावर ठरवलं, रविवारी दुसरं काही नाही. पोपट.

लगेच ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटी साधं ठेवलं, मनापासून: नमस्कार. येत्या रविवारी दुपारी एक वाजता माझ्या घरी सगळ्यांचा पोपट. सर्वांनी नक्की यावे. आचल.

खाली पत्ता.

९ जानेवारी, गुरुवार

ग्रुपवर उत्साह बघून मन भरून आलं. आजवर त्या ग्रुपवर फक्त रिटर्नच्या तारखा यायच्या.

यामिनी मॅडमनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पाच चेहरे पाठवले. भूपेंद्रने विचारलं, सगळ्यांचा? मी लिहिलं, हो, सगळ्यांचा, पोटभर. त्याने विचारलं, सरांचा पण? मी लिहिलं, सरांचा तर आधी. नंतर माझा. मग त्यानेही हसरे चेहरे पाठवले, मोजता येणार नाहीत इतके. सरांनी अंगठा दाखवला.

जेवायच्या नुसत्या कल्पनेने लोक इतके खूश होतात हे मला माहीत नव्हतं. उगाच भीत होते.

आईला सांगितलं.  ती म्हणाली, पोपट करतं? चांगलं. शहरातल्या लोकायले भेटत नसन. वांग्यात टाकजो. कपिलेलेही बोलावजो.

११ जानेवारी, शनिवार

दाणे सोलते आहे. ऑफिसातून आल्यापासून. अंगठ्याची नखं हिरवी झाली. मध्येच वाटलं, काकूंना खाली हाक मारावी, दोघी मिळून सोलू. पण त्या नागपूरला लग्नाला निघाल्या होत्या. सतरंजी दारातच ठेवून गेल्या आणि म्हणाल्या, अगं वाटी राहू दे.

ऑफिसमधून निघताना भूपेंद्र म्हणाला, उद्या मग पोपट. आणि डोळा मारला. इथे तशी पद्धत असावी.

वांगी आणली. काटेरी, लहान. तांदूळ. सरांसाठी ज्वारीची भाकरी. मॅडमसाठी थोडी भाजी तिखट न घालता वेगळी काढायची. पलंग उभा केला. खोली मोठी वाटते.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी दहा. भाजी झाली. वास घरच्यासारखा. झाकण ठेवलं.

बारा. चार ताटं. वाट्या काकूंची धरून पाच.

एक. कोणी नाही. रविवारी लोक निवांत उठतात.

पावणेदोन. पत्ता सापडत नसेल. खाली जाऊन कोपऱ्यावर उभी राहिले. स्कार्फ काढला, म्हणजे चेहरा दिसावा.

अडीच. ग्रुपवर लिहिलं, कोणी येताय ना? वाट बघते आहे. यामिनी मॅडमचं लगेच उत्तर आलं. हसरे चेहरे. आणि: नाही गं बाई, आम्ही नाही फसणार. भूपेंद्रने लिहिलं, मॅडम, आमचा पोपट करायचा चान्स गेला तुमचा.

हे वाचलं. परत वाचलं. मग माझाच आठ तारखेचा मेसेज वाचला. पहिल्यापासून, त्यांच्या डोळ्यांनी. सगळ्यांचा पोपट. सरांचा तर आधी.

तो दुसरा अर्थ मला माहीत नाही असं नाही. कॉलेजात रोज कोणाचा ना कोणाचा पोपट व्हायचा. बहुतेक माझाच. पण त्या दिवशी तो अर्थ डोक्यात आलाच नाही. शब्द घरचा होता, घरातून आलेला वाटला. भूपेंद्रच्या घरीही पोपटाची भाजी होत असणार. पण जी मुलगी दोन महिने कोथिंबीर म्हणते, ती पोपट म्हणजे शेंगा म्हणत असेल, हे त्याला तरी कसं सुचावं.

कळवावं असं ठरवलं. मी शेंगांबद्दल म्हणत होते, असं टाइप केलं. पाठवलं नाही. त्यांचा रविवार खराब झाला असता.

टरफलं घेऊन मागे गेले. कपिला आली. एक वाजताची वेळ तिला कोणी सांगितली नव्हती, तरी ती आली. सगळी टरफलं खाल्ली, मग टोपलीही चाटली. मी ताट घेऊन दगडावर बसले. भाजी चांगली झाली होती. मीठ बरोबर होतं.

संध्याकाळी फोन. आईसोबत बाबाही, स्पीकरवर. आईचा आवाज घाईचा. झाला काय पोपट?

मी म्हणाले, झाला.

कसा झाला?

खूप झाला, आई. सगळ्यांसमोर झाला.

आई हसली. बाबांना म्हणाली, पाह्य, म्या म्हटलं नव्हतं. सगळे हसले-खेळले ना? हो, सगळे खूप हसले. इतकं की डोळ्यांतून पाणी. अन् कपिला आलती काय? आली होती. सगळ्यात जास्त तिनेच खाल्लं. आई म्हणाली, गुणाची पोरगी.

बाबा म्हणाले, मंग काही चिंता नाई. राह्यजो तिकडं. तुहं बस्तान बसलं.

खोली राहिली. नोकरी राहिली. फोन ठेवल्यावर सगळं बोलणं पुन्हा तपासलं. एकही शब्द खोटा नाही.

१३ जानेवारी, सोमवार

उरलेली भाजी मोठ्या डब्यात भरून ऑफिसला नेली. ठरवलं होतं, काउंटर वगैरे काही नाही, दीड वाजता सरळ आत जाऊन टेबलावर डबा उघडायचा आणि म्हणायचं, हा घ्या पोपट. त्यांना हसूही येईल आणि कळेलही. वाटेत तीनदा म्हणून बघितलं.

गेल्या गेल्या तिघंही माझ्या टेबलाभोवती. पहिल्यांदाच. भूपेंद्र म्हणाला, सर, मी त शनिवारीच ओळखलं होतं, आपण जायचं अन् दाराले कुलूप. यामिनी मॅडमनी माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणाल्या, अगं, तू इतकी मिस्कील असशील असं वाटलं नव्हतं, आम्ही समजत होतो की तुला आमच्यात बसायला आवडत नाही. सरही हसत होते. चला, आज आमच्यासोबतच बसा जेवायला, म्हणाले.

मी डब्याच्या पिशवीला हात घातला.

भूपेंद्र म्हणाला, सर, सोमवार हाय त्यायचा.

अरे हो, सर म्हणाले. आणि केळ आणून ठेवलं. आज दोन ठेवली.

सात सोमवार केलेले. नेमका आठवा मोडून दाखवायचा, आणि तोही सरांपुढे, हे मला जमलं नाही. मी म्हणाले, तुम्ही बसा सर, मी इथे थांबते. कोणीतरी थांबायला हवं. ते आत गेले. आतून हसण्याचा आवाज आला. आज विषय मी होते.

घरी येऊन डबा उघडला. आंबला होता. कपिला गल्लीत दिसली नाही.

सातला आईचा फोन आला. काय भाजी, म्हणाली. मी सांगितलं, आज सोमवार, साबुदाणा. बरं, म्हणाली. बाबांचा खोकला, कुंपणाचा वेल, लहानू काकाची म्हैस. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तरही तयार केलं होतं. तो आलाच नाही. शेवटी मीच म्हणाले, आई, कोणासंगं जेवली ते नाही विचारलंस.

आई म्हणाली, आता कायले विचारू माय. आता त माणसं हायेत तुह्याजवळ.

उद्या संक्रांत. भाजी पानकोबी. सुमित्राबाई ती अर्धी करून देत नाही.